कोंबडीचं अंग बाहेर आलं तेव्हा

कोंबडीचं अंग बाहेर आलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो सुरी आणा, दुसरा म्हणतो पाणी तापवा. आमच्या घरात हे पक्ष दोन जावांचे आहेत. थोरली माझी आई. ती लग्न होऊन आली तेव्हा वाकड हे मुळेकाठचं शेतकऱ्यांचं गाव होतं. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, शेजारी हिंजवडीत आयटी पार्क आलं आणि ज्वारीच्या वावरांत वीस-वीस मजले चढले. वावर गेलं, आईचं खुराडं मात्र राहिलं. गावठाणातल्या घरामागं पत्र्याच्या आडोशाला तिच्या चार-सहा कोंबड्या कायम असतात. धाकटी माझी काकू. ती चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करते. पहाटे कंपनीची बस पकडते, संध्याकाळी उतरली की आधी कोंबड्यांकडे जाते, मग चहा.

चैत्र पौर्णिमेचं म्हातोबाचं बगाड होऊन गेलं होतं, ऊन तापलं होतं, आणि तांबडी नावाच्या कोंबडीवरून दोघींची जुंपली. ते बोलणं इथं मांडते आहे. शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील, मुद्दे त्यांचेच आहेत. परसात कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येक घरात हा वाद कधीतरी होतो, आणि तो चालू असताना कोंबडी मात्र कोपऱ्यात शेपूट खाली घालून कुंथत उभी असते. म्हणून तो एकदा नीट व्हावा असं मला वाटतं.

आई : बघ गं, तांबडीच्या मागं काय लोंबतंय. लिंबाएवढं, लालभडक. अंग बाहेर आलंय तिचं. आता ती राहत नाही. दिवस मावळायच्या आत कापू.

काकू : थांबा ताई, आधी बघू द्या. लाल आहे, ओलं आहे. कुठं काळं पडलेलं नाही, वास नाही, माशी बसलेली नाही. म्हणजे ते अजून जिवंत आहे. आत जाऊ शकतं.

आई : आत जाईल आणि उद्या अंडं घालताना परत बाहेर येईल. मी काय आज कोंबड्या बघतेय? जीव आहे तोवर सोडव तिला. हाल करून मारण्यापेक्षा ते बरं.

काकू : हाल व्हायला नकोत हे आपलं दोघींचं एकच आहे. पण बाहेर का आलं हे तरी बघाल की नाही? आमच्या लाइनवर एखादा पार्ट रिजेक्ट झाला, तर तो फेकून देऊन काम संपत नाही. का झाला, ते लिहावं लागतं. नाहीतर पुढचा पार्टही तसाच येतो. उद्या पांढरीचं अंग आलं तर तीही कापणार का?

आई : कारण काय असायचंय? उष्णता. ऊन बघ किती आहे.

इथं थोडं थांबून कोंबडीच्या शरीराची रचना सांगायला हवी, कारण ती ठाऊक नसेल तर पुढचं बोलणं नुसतं हट्टाचं वाटेल. कोंबडीला विष्ठेची आणि अंड्याची वेगवेगळी दारं नसतात. मागं एकच दार, आणि त्याच्या आत एक छोटी खोली. तिथं आतडं, मूत्रनलिका आणि अंडनलिका तिन्ही येऊन मिळतात. तरीही ताजं अंडं स्वच्छ असतं, कारण घालण्याच्या क्षणी अंडनलिकेचं शेवटचं टोक उलटं होऊन अंड्याबरोबर दाराबाहेर येतं आणि अंडं थेट बाहेर सोडतं. विष्ठेच्या जागेला त्याचा स्पर्श होत नाही. मग ते ओलं गुलाबी टोक लगेच आत ओढलं जातं. म्हणजे अंग बाहेर येणं हे निरोगी कोंबडीतही रोजचंच आहे. ते आत जायचं राहिलं की आजार. स्नायू थकलेले असतील, अंडं फार मोठं असेल, पोटात चरबी साठली असेल, अंगात चुना कमी असेल, किंवा पहिलं अंडं शरीर तयार होण्याआधीच आलं असेल, तर ते टोक बाहेर राहतं, सुजतं, आणि सूज आली की आत जाण्याची वाट आणखी अरुंद होते. त्यात बाकीच्या कोंबड्या. लाल, ओलं, चमकणारं काही दिसलं की त्या चोच मारतातच. एकदा रक्त निघालं की थांबत नाहीत. आतडी ओढून काढेपर्यंत टोचतात. कोंबड्या पाळणाऱ्यांना हे ठाऊक असतं, पण कुणी सहसा बोलत नाही.

म्हणून काकूनं वाद घालता घालताच तांबडीला उचललं होतं आणि डाल्याखाली एकटीला ठेवलं होतं. डाल्यावर गोणपाट टाकलं होतं. हे आधी, बाकी बोलणं नंतर. या एका बाबतीत आईचंही दुमत नव्हतं.

काकू : उष्णता म्हणता ते अगदीच खोटं नाही ताई. उन्हात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, त्यानं रक्तातलं गणित बिघडतं आणि अंड्याचं कवच पातळ होतं. पण पांढरीही त्याच उन्हात आहे, तुमची जुनी काळी कोंबडीही आहे. त्यांना काही झालं नाही. तांबडीलाच का झालं?

आई : तांबडी अंडीच फार देते. रोज एक. आठवड्यात एखादा दिवस सुटला तर सुटला.

काकू : हेच म्हणते मी. काळी किती देते?

आई : काळी गावरान आहे. पंधरा-वीस अंडी घालते आणि खुडूक बसते. रवणाला बसवली तर एकवीस दिवस हलत नाही. मग पिल्लं हिंडवते. महिना दोन महिने अंड्याचं नाव नाही. सालात साठ-सत्तर झाली तर डोक्यावरून पाणी.

काकू : आणि खुडूक बसली की तुम्ही वैतागता. तिला पाण्यात बुडवता, पायाला दोरी बांधता, का, तर परत अंड्यावर यावी.

आई : मग? दाणे फुकट येतात का?

काकू : ताई, खुडूक म्हणजे तिच्या अंगाची सुट्टी आहे. त्या काळात अंडनलिका आकसते, आराम करते. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तीही पिल्लांसाठी. तांबडीच्या वाणातून माणसानं ती सुट्टीच काढून टाकली. ती खुडूक होतच नाही. दारावर मोटरसायकलवरून पिल्लं विकणाऱ्यानं गावरान म्हणून दिली, पण ती लेअरची आहे. तपकिरी पीस, तपकिरी अंडं बघून आपण गावरान समजलो. जिला रोज अंडं घालायला घडवलं, तिचं अंग कधी विसावा घेणार?

मला या वादातला सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच वाटतो. आईचं शहाणपण गावरान कोंबडीवर तयार झालेलं आहे. तिच्या तारुण्यात अंग बाहेर आलेली कोंबडी क्वचित दिसायची, दिसली की कापायची, आणि ते योग्यच होतं, कारण ज्या गावरानीचं अंग बाहेर आलं तिच्यात काहीतरी मोठाच बिघाड असणार. तांबडीची गोष्ट वेगळी. एक अंडं तयार व्हायला चोवीस-पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते रोजच्या खाण्यातून पुरलं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. तीनशेच्या घरात अंडी घालणारी कोंबडी वर्षभरात सहाशे ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम कवचांतून बाहेर टाकते, आणि तिचं स्वतःचं वजन जेमतेम पावणेदोन-दोन किलो. स्नायूंना आकसायलाही कॅल्शियमच लागतं. ते कमी पडलं की अंडं ढकलायची ताकद जाते, आणि ढकललेलं टोक आत ओढून घ्यायचीही.

आणि असा वाण घराघरात पोचला तो याच पट्ट्यातून. पुणे हे देशातल्या कुक्कुटपालनाचं एक मोठं केंद्र आहे. बी. व्ही. राव यांच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय इथंच आहे. 1982 साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीमागेही राव हेच होते. खडकीला सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं, हे मोठं काम झालं आणि त्याबद्दल मला कृतज्ञताच आहे. पण त्या पक्ष्याबरोबर त्याच्या देखभालीचं ज्ञान मात्र परसात आलं नाही. पक्षी कारखान्याचा, सांभाळ गावरानीचा, अशी त्याची कोंडी झाली.

आई : बरं, वाण वेगळा मान्य. खाणं तर मी सगळ्यांना सारखंच घालते. ज्वारी, तांदळाची कणी, शिळी भाकरी. समोरच्या हॉलमध्ये लग्न असलं की भात.

काकू : तिथंच अडलं. काळीला ते पुरतं. ती उकिरडा उकरते, किडे खाते, अंडी कमी देते. तांबडीला लेअरचं खाद्य हवं, त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. निदान शिंपल्यांची भरड वेगळ्या वाटीत ठेवायला हवी, किंवा अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून, चुरून. लागेल तेवढं ती स्वतः खाते. आणि भातानं चरबी चढते ती नेमकी मागच्या बाजूला.

आई : टरफलं मी टाकते की.

काकू : तुळशीत टाकता ताई.

आई : बरं. आणि?

काकू : आणि तो दिवा. शेजारच्या सोसायटीच्या गेटवरचा मोठा एलईडी रात्रभर आपल्या खुराड्यावर असतो. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून मेंदूपर्यंत पोचतो. उजेड चौदा-सोळा तासांवर गेला की तिचं अंग समजतं, अंडी घालायचे दिवस आले. पोल्ट्रीवाले मुद्दाम दिवे लावून तेच करतात, पण वय आणि वजन बघून. आपली तांबडी अजून तलंग होती, हाडं भरली नव्हती, तेव्हापासून या दिव्याखाली आहे. पहिलं अंडं किती लवकर आलं ते आठवा.

आई : मला तर आनंद झाला होता.

काकू : मलाही झाला होता.

वाकडमध्ये अंधार उरलेला नाही ही गोष्ट आम्हाला माणसांच्या झोपेपुरतीच माहीत होती. भूमकर चौकापासून काळेवाडी फाट्यापर्यंत रात्री चालत जा, एकही कोपरा काळोखाचा सापडणार नाही. खुराड्यावर त्या बाजूनं गोणपाटाचा जाड पडदा लावायला पैसे लागत नाहीत. तो त्याच आठवड्यात लागला.

आता पाणी तापवण्याबद्दल. हा भाग सविस्तर लिहिते, कारण याच ठिकाणी लोक चुकीचं काहीतरी लावून बसतात. कोणी रॉकेल, कोणी फिनेल, कोणी सुकी हळद दाबून भरतं.

काकूनं लिटरभर पाणी उकळून कोमट केलं आणि त्यात दीड चमचा मीठ घातलं. कोपर बुडवून पाहिलं, बाळाच्या अंघोळीचं पाणी पाहतात तसं. प्लास्टिकच्या टबात तांबडीला मागच्या बाजूनं बसवलं. मी तिचे पंख धरून होते. पहिल्यांदा ती फडफडली, मग हळूहळू शांत झाली, डोळे मिटू लागली. बाहेर आलेल्या भागाला चिकटलेली माती आणि वाळकी शीट आपोआप सुटू दिली, खरवडली नाही. मग काकूनं पातळ हातमोजा चढवला, बोटाला खोबरेल लावलं आणि आत अलगद चाचपून पाहिलं. अंडं अडलेलं नव्हतं. असतं तर ते आधी काढायला हवं होतं, तेही आत न फोडता, कारण फुटलेल्या कवचाच्या कडा आतून चिरतात. अशा वेळी घरी धडपड न करता थेट डॉक्टरकडे न्यावं.

पुढची गोष्ट आईला पटेना. काकूनं साखरेचा घट्ट पाक त्या सुजलेल्या भागावर लावला.

आई : अगं, मुंग्या लागतील!

काकू : धुऊन टाकायचाच आहे. साखर पाणी ओढून घेते. सूज उतरली की मगच ते आत जाईल, नुसतं ढकलून जाणार नाही.

आई : हळद लावली असती.

काकू : हळद बाहेरच्या जखमेला. हे आतलं नाजूक अस्तर आहे, त्यावर कोरडी पूड चिकटून बसते.

दहा-पंधरा मिनिटांत तो लिंबाएवढा गोळा डोळ्यांदेखत आवळ्याएवढा झाला. आई वाकून बघत होती. पाक धुतला, पुन्हा खोबरेल लावलं, आणि काकूनं चारी बाजूंनी सावकाश, मधल्या भागापासून सुरुवात करत, तो आत सारला. बोट तसंच थोडा वेळ दाराशी धरून ठेवलं. तांबडी एकदा कुंथली, थोडं बाहेर आलं, पुन्हा सारलं. मग राहिलं.

त्यानंतरचा उपचार म्हणजे अंधार. डाल्यावर गोणपाट, दिवसातून आठेक तासच उजेड, दाणा थोडा कमी, पाणी भरपूर, हिरवा पाला. अंडी थांबावीत आणि आतल्या स्नायूंना वेळ मिळावा एवढ्याचसाठी. बाकीच्या कोंबड्यांपासून पूर्ण वेगळी, पण त्यांचा आवाज ऐकू येईल अशा जागी, नाहीतर ती खाणंच सोडते. डॉक्टर लोक गरज पडली तर दाराभोवती पिशवीच्या नाडीसारखा टाका घालतात. तो घरी घालायचा नाही.

आता पैशांचा विषय. तो आईनंच काढला, आणि तो काढण्यात काही कमीपणा नाही.

आई : तुझी अर्ध्या दिवसाची सुट्टी गेली. डॉक्टरकडे नेली असतीस तर रिक्षा आणि फी. चारशे-पाचशेची कोंबडी. आखाडात विकली असती तर तेवढे आलेही असते. घरात कोंबडीच्या दुखण्यावर कोंबडीपेक्षा जास्त खर्च करायचा, हे माझ्या हिशेबात बसत नाही.

काकू : तिनं आतापर्यंत दिलेल्या अंड्यांचे किती झाले? गावरान म्हणून बारा-बारा रुपयांना शेजारी नेतात.

आई : दिले म्हणून तर दाणे घातले. हिशेब तिथं फिटला.

काकू : दाण्यांचा फिटला. पण आपण तिला या दिव्याखाली ठेवलं, चुकीचं घातलं, हे आपल्याकडून झालं. ते बाजारभावात कसं फेडायचं?

आई : मी चुकीचं म्हणत नाहीये तुला. मला एवढंच सांग, प्रत्येक वेळी करणार का हे?

काकू : नाही. जे आत राहतं ते करायचं. राहत नाही ते नाही करायचं.

आईची बाजू मागासलेली समजण्याची चूक कुणी करू नये. हजारो पक्षी असलेल्या लेअर फार्मवरही अंग बाहेर आलेली कोंबडी वेगळी काढतात आणि संपवतात. एकेकीला पाण्यात बसवायला तिथं कुणाला वेळ नाही. म्हणजे जुनं गाव आणि नवा कारखाना दोन्ही याबाबत आईच्याच मताचे आहेत. आणि यंत्रणाही कळपाचाच विचार करते. मुळा ओलांडली की औंध. तिथं पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, रोग अन्वेषण विभाग आहे, मानमोडीची लस बनवणारी सरकारी संस्था आहे. कोंबडीच्या आरोग्याची एवढी मोठी जागा आपल्या इतक्या जवळ आहे. पण तिचं काम साथ, लस आणि शवविच्छेदन यांचं. परसातल्या एका कोंबडीचा एक आजार हा कुणाचाच विषय नाही. वाकडमधल्या दवाखान्यांत कुत्र्या-मांजरांची रांग असते, कोंबडी घेऊन गेलं तर बरेच जण बघतच नाहीत. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मात्र कोंबडीला वगळलेलं नाही. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्यानं त्याच्या हिताची काळजी घ्यावी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत, हे कर्तव्य कायद्यानं घातलेलं आहे. काकूचं म्हणणं त्या कर्तव्याच्या जवळ जातं, आणि म्हणून मी तिच्या बाजूनं झुकते.

औषधांवरून झालेलं बोलणं थोडक्यात सांगते.

आई : मेडिकलमधून ताकदीची गोळी आणू का? मागच्या खोकल्यातली राहिलीय घरात.

काकू : अजिबात नको. माणसाची अर्धवट राहिलेली अँटिबायोटिक कोंबडीला देऊन तिचं अंडं नातवाला द्यायचं? औषध अंड्यात उतरतं. जंतूही मग औषधाला जुमानत नाहीत. कोलिस्टिन नावाचं शेवटच्या फळीतलं औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास घालत होते. 2019 मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली ती याचसाठी. डॉक्टरनं दिलं तरच द्यायचं, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत ते विचारून.

बुडाचं प्रत्येक दुखणं म्हणजे अंग बाहेर येणं नव्हे. मागं पांढरीच्या बुडाला चिकट, पिवळट-पांढरा लेप आणि आंबूस वास येत होता, ते दुखणं वेगळं. त्यात अंग बाहेर येत नाही, दार आतून सुजतं. बहुधा बुरशी किंवा जंतू. तिथली पिसं कातरून, कोमट पाण्यानं रोज धुऊन, ओला भात बंद करून आणि डॉक्टरच्या सल्ल्यानं औषध देऊन ती बरी झाली. बुडाशी पिसांच्या मुळांना पांढऱ्या लिखांचे गोळे दिसले तर उवा, आणि मग साऱ्या खुराड्याचाच उपाय करावा लागतो. अंडं अडलं असेल तर कोंबडी शेपूट खाली करून ताठ, जवळजवळ उभ्या अंगानं चालते आणि सारखी घरट्यात जाऊन-येऊन करते. या सगळ्यांना एकच नाव देऊन एकच उपाय करत बसलं तर दिवस फुकट जातात.

आई : आणि बर्ड फ्लू? लोक म्हणतात आजारी कोंबडीला हातच लावू नये.

काकू : एकटीचं अंग बाहेर आलं तर तो बर्ड फ्लू नव्हे. पण एकाएकी दोन-चार मेल्या, तुरे निळे पडले, तर मात्र हात लावायचा नाही, कापायची तर मुळीच नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. 2006 साली नवापूरला हे झालं होतं, 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात. आणि ताई, कुठल्याही आजारी कोंबडीला हात लावला तर साबणानं हात धुवायचे. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही, बाहेरच्या नळावर.

पुढं काय झालं तेही सांगायला हवं. तांबडी राहिली. अंधारातून बाहेर काढल्यावर काही दिवसांनी पुन्हा अंड्यावर आली, आधीपेक्षा कमी. शिंपल्यांची भरड खायला लागली, कवच जाड झालं. मग पावसाळ्यात एका सकाळी अंग पुन्हा बाहेर आलं. काकूनं तसंच सगळं केलं, पण प्रत्येक कुंथण्याबरोबर ते परत येत राहिलं. दुपारपर्यंत कडेनं काळपट झालं, आणि पावसाळ्यातल्या माशा जवळ घिरट्या घालू लागल्या. अशा जखमेत आसाडी, म्हणजे अळ्या, पडायला एक दिवस पुरतो. काकू उठली आणि म्हणाली, "ताई, आता तुम्ही." आईनं एका झटक्यात काम केलं. तांबडीला खाल्लं नाही, परसात खोल खड्डा करून पुरलं. तेवढं दोघींनी न बोलता ठरवलं.

पहिल्या वेळी काकू बरोबर होती, दुसऱ्या वेळी आई. पण गावठाणात मी सगळ्यात जास्त पाहिला आहे तो या दोघींपैकी कुणाचाच मार्ग नाही. "बघू उद्या," म्हणून अंग बाहेर आलेली कोंबडी तशीच खुराड्यात ढकलतात आणि दार लावतात. सकाळी बाकीच्यांनी तिला पोखरलेलं असतं. तापवलेलं पाणी आणि धारदार सुरी, दोन्हींत दया असू शकते. लावलेल्या दारात नसते.

तुमच्या परसात कोंबड्या असतील तर एवढं करा. संध्याकाळी त्या खुराड्यात शिरताना एकेकीला उचलून मागं बघा. दार स्वच्छ, ओलसर, फिकट गुलाबी हवं. अंडं घालायची जागा अंधारी, आडोशाची ठेवा, म्हणजे तेवढ्या क्षणी दुसरीची चोच पोचणार नाही. शिंपल्यांची भरड, एक रिकामं डालं, मीठ, साखर, खोबरेल आणि कोंबडी बघणाऱ्या एका डॉक्टरचा नंबर घरात असू द्या. आणि काही बाहेर आलेलं दिसलं, तर काय करायचं ते त्याच संध्याकाळी ठरवा.